क्रूझवरचा खर्च कोणत्या खिशातून? ऑनबोर्ड क्रेडिट, कार्ड आणि परकीय चलनाचा हिशेब

सिंगापूरहून पेनांग-फुकेतला जाऊन येणारी तीन-चार रात्रींची क्रूझ आता संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या टूरवाल्यांकडेही विकली जाते. पॅकेजच्या कागदावर बऱ्याचदा ‘केबिनमागे १०० डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट’ अशी ओळ असते आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. हे १०० डॉलर जहाजावरच्या तुमच्या खात्यात जमा होतात आणि तिथेच खर्चता येतात, नोटांच्या रूपात हातात पडत नाहीत. बंदरावरच्या टॅक्सीला किंवा बाजाराला ते चालत नाहीत. बहुतेक वेळा शेवटच्या रात्री उरले तर परतही मिळत नाहीत. म्हणून क्रूझच्या पैशांचे तीन खिसे आधीच वेगळे करावेत: जहाजावरचं क्रेडिट, जहाजाच्या खात्याला जोडलेलं कार्ड आणि बंदरावर खर्चायची रोकड. कोणता खर्च कोणत्या खिशातून जाणार हे घरीच ठरलं, तर पैसे वाया जात नाहीत.

जहाजावर खातं कसं चालतं

जहाजावर रोजच्या खरेदीला रोख चालत नाही. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर त्याला सीपास म्हणतात, एमएससी कंपनीच्या जहाजांवर क्रूझ कार्ड. प्रिन्सेसच्या जहाजांवर कार्डाऐवजी मेडॅलियन नावाची छोटी चकती देतात. केबिनचं दार त्यानेच उघडतं, बंदरावर उतरताना-चढताना ओळख म्हणून तेच दाखवायचं आणि कॉफीपासून फोटोपर्यंतचा खर्च त्यावरच नोंदला जातो. गावातल्या किराणा दुकानात वहीवर मांडून ठेवतात आणि महिन्याअखेरीस हिशेब करतात, तसंच हे खातं. फरक एवढाच की इथे महिनाअखेर म्हणजे उतरण्याची सकाळ, आणि पैसे आपण न देता थेट कार्डावरून जातात.

जहाजाचं चलन एकच असतं आणि ते बंदरागणिक बदलत नाही. रॉयल कॅरिबियनचं जहाज सिंगापूरहून सुटत असलं, तरी बिल अमेरिकन डॉलरमध्ये होतं. गेंटिंग ड्रीम या जहाजावर ते सिंगापूर डॉलरमध्ये होतं. भूमध्य समुद्रात एमएससी आणि कोस्टा युरो घेतात. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलियावर हिशेब रुपयांत असल्याने परकीय चलनाचा प्रश्न येत नाही. ‘सिंगापूरला चाललोय’ म्हणून फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन आधी भरून घ्यायचं प्रीपेड कार्ड) सगळे सिंगापूर डॉलर भरून घेतले आणि जहाजाने अमेरिकन डॉलरचं बिल लावलं, तर चलन बदलण्याचं शुल्क लागतं. बऱ्याच फॉरेक्स कार्डांवर ते ३ टक्क्यांच्या आसपास असतं. त्यामुळे टूरवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: जहाजाचं बिल कोणत्या चलनात होतं?

बुकिंगच्या वेळी क्रेडिटबद्दल काय लिहून घ्यायचं

क्रेडिट वेगवेगळ्या वाटांनी येतं. क्रूझ कंपनी ऑफर म्हणून देते, एजंट आपल्या कमिशनमधून देतो, एखादा नातेवाईक भेट म्हणून खात्यात भरतो. बुकिंगनंतर भाडं उतरलं, तर कधी कधी फरकही क्रेडिट म्हणून मिळतो. त्याचे मूळ प्रकार मात्र दोनच: परत मिळणारं आणि परत न मिळणारं. ऑफरमधलं क्रेडिट बहुधा परत न मिळणारं असतं. क्रूझ संपली की उरलेली रक्कम शून्य होते. पुढच्या सहलीला ती लागू होत नाही.

तोंडी आश्वासनावर थांबू नका. बुकिंग कन्फर्मेशनवर पुढच्या चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात.

१. रक्कम किती आणि कोणत्या चलनात. ‘१०० क्रेडिट’ एवढंच पुरत नाही. अमेरिकन डॉलर आणि सिंगापूर डॉलर यांच्या किमतीत मोठा फरक आहे.

२. केबिनला की माणसाला. चौघांच्या केबिनला १०० डॉलर म्हणजे माणशी २५ पडतात. दोन भावांची कुटुंबं दोन केबिनमध्ये असतील, तर एका केबिनचं क्रेडिट आपोआप दुसरीकडे वळत नाही. कोणत्या केबिनवर किती, हे बघून घ्या.

३. परत मिळणारं की न मिळणारं.

४. टिपसाठी, म्हणजे जहाज माणशी रोज खात्यावर लावतं त्या बक्षिशीसाठी, चालतं का. सगळ्यात मोठा खर्च तिथेच असल्याने या उत्तरावर क्रेडिटची खरी किंमत ठरते.

ग्रुप टूर असेल तर आणखी एक गोष्ट विचारा. क्रेडिट प्रत्येक केबिनच्या खात्यात येणार आहे की ग्रुपच्या एखाद्या कार्यक्रमासाठी टूरवालाच वापरणार आहे? दोन्हींत गैर काही नाही, पण जहाजावर गेल्यावर कळलं तर वाद होतो.

याच वेळी टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच विक्रेत्याने गोळा करायचा कर, समजून घ्या. परदेशी सहलीचं पॅकेज भारतीय टूर ऑपरेटरकडून घेतलं की तो टीसीएस वसूल करतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात हा दर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के होता. हा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, त्यामुळे पावतीवर ती रक्कम वेगळी दाखवायला सांगा. हा खर्च नाही, तो आगाऊ भरलेला कर आहे. ज्या पॅनवर तो भरला, त्याच्या नावे प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत तो दिसतो आणि विवरणपत्र भरलं की देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. शेतीचंच उत्पन्न असल्याने अनेक घरांत विवरणपत्र भरलं जात नाही. अशा घरांनी त्या वर्षी ते भरलंच पाहिजे, नाहीतर टीसीएसचे पैसे सरकारकडेच राहतात.

निघण्याआधीचे पंधरा दिवस: कार्ड

आपल्याकडे इथेच सगळ्यात जास्त अडतं. जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांची बरीच डेबिट कार्डं फक्त देशात चालणारी रुपे कार्डं असतात. गावात पेट्रोल पंपावर रोज चालणारं कार्ड जहाजावर नाकारलं जातं. जहाजासाठी व्हिसा किंवा मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड हवं. ते कोणा एकाकडे असलं तरी भागतं, कारण एकाच कार्डाला दोन-तीन केबिनची खाती जोडता येतात. आई-वडील वेगळ्या केबिनमध्ये असतील, तर त्यांना स्वतःच्या कार्डाची गरज पडत नाही.

भारतीय कार्डांवर परदेशातले व्यवहार चालू करणं हे कार्डधारकाचं काम आहे. २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ व्यवहार सुरू करा, मर्यादा वाढवा आणि ते घरूनच करा. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की मोबाईलला जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क लागतं आणि त्याचं रोमिंग फार महाग पडतं. म्हणून फोन फ्लाइट मोडवर ठेवावा लागतो. अशा वेळी ओटीपी येत नाही आणि बंद असलेलं कार्ड समुद्रात सुरू करता येत नाही.

डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड जहाजाच्या खात्याला जोडू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. जहाज चढल्यापासून संभाव्य खर्चाची रक्कम कार्डावर ‘होल्ड’ करतं. खर्च वाढला की होल्डही वाढतो. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा अडकते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर मात्र तुमचे खरे पैसे अडकतात आणि उतरल्यानंतरही काही दिवस, कधी काही आठवडे मोकळे होत नाहीत. अंतिम बिल वेगळं वळतं झालेलं असतं आणि जुना होल्डही तसाच असतो, म्हणजे तेवढा काळ रक्कम दोनदा गेल्यासारखी दिसते. शिवाय काही कंपन्या प्रीपेड कार्ड घेतच नाहीत. फॉरेक्स कार्ड बंदरावरच्या दुकानांसाठी आणि एटीएमसाठी ठेवा.

क्रेडिट कार्डच नसेल, तर चढल्यावर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जहाजाच्या चलनातली रोकड अनामत भरता येते. ती संपली की तुमचं जहाजाचं कार्ड थांबतं आणि पुन्हा भरावं लागतं. उरलेली रक्कम शेवटी रोख परत मिळते.

निघण्याआधीचे पंधरा दिवस: रोकड

आपल्या भागात अधिकृत मनी चेंजर प्रामुख्याने संभाजीनगरात सापडतात. तालुक्याच्या किंवा लहान जिल्ह्याच्या ठिकाणी बँकेच्या शाखेत परकीय नोटा त्याच दिवशी मिळतील असं धरून चालू नका. आठ-दहा दिवस आधी मागणी नोंदवा. विमान मुंबई किंवा हैदराबादहून असेल, तर शहरातल्या मनी चेंजरकडून घेणं विमानतळाच्या काउंटरपेक्षा बहुधा स्वस्त पडतं.

पॅन, पासपोर्ट आणि तिकीट लागतं. चलन घेताना ५०,००० रुपयांपर्यंतच रोख देता येतात. त्यावरची रक्कम बँकेमार्फत द्यावी लागते. बहुतेक देशांसाठी एका सहलीला माणशी ३,००० अमेरिकन डॉलरपर्यंतच नोटा मिळतात. चलन बदलण्यावर जीएसटी लागतो. १ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का हे करपात्र मूल्य धरतात, ते किमान २५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के कर. म्हणजे १ लाखावर १८० रुपये आणि अगदी छोट्या व्यवहारावर निदान ४५ रुपये. ही रक्कम क्षुल्लक आहे. खरा फरक दरात असतो. मोबाईलवर दिसणारा दर हा बाजाराचा मधला दर असतो. तो दुकानात कोणालाच मिळत नाही. दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारा: ‘५०० डॉलरला सगळं धरून माझ्याकडून किती रुपये घ्याल?’ दर, कमिशन, कर वेगवेगळे ऐकण्यापेक्षा ही एकच संख्या ताडून बघा.

किती घ्यायचं? जहाजावर जेवण, राहणं भरलेलं असतं. रोकड लागते ती टॅक्सी, रिक्षा, रस्त्यावरचं खाणं आणि किरकोळ खरेदीसाठी. पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं. तिथून जॉर्ज टाउन शहर चालत गाठता येतं, त्यामुळे रिंगिट (मलेशियाचं चलन) थोडेच पुरतात. फुकेतला टॅक्सीवर जास्त बाट (थायलंडचं चलन) जातात. प्रत्येक देशाच्या नोटा इथूनच घेण्याची गरज नाही. थोडे अमेरिकन डॉलर सोबत ठेवून तिथल्या मनी चेंजरकडे बदलणं सोपं जातं. थायलंडमध्ये १०० आणि ५० डॉलरच्या नोटांना सुट्या छोट्या नोटांपेक्षा चांगला दर मिळतो. फाटलेली, शिक्का मारलेली किंवा पेनाने लिहिलेली नोट नाकारली जाते, म्हणून इथे घेतानाच प्रत्येक नोट उजेडात बघून घ्या. सिंगापुरात लिटल इंडिया आणि मुस्तफा सेंटरच्या परिसरात रुपयेही बदलून मिळतात. मात्र भारताबाहेर माणशी २५,००० रुपयांपर्यंतच भारतीय नोटा नेता येतात.

चढल्याचा दिवस

पहिल्या दोन-तीन तासांतच चार कामं उरका. पुढे गेस्ट सर्व्हिसेससमोर रांग लागते.

खात्याला कार्ड जोडलं गेलं आहे ना ते बघा. एमएससीवर तर चढल्यापासून ४८ तासांच्या आत कार्ड नोंदवायचं असतं. मग अ‍ॅपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर खात्यात क्रेडिट आलंय का पाहा. दिसत नसेल, तर कन्फर्मेशनचा छापील कागद घेऊन लगेच काउंटरवर जा. भारतातला एजंट झोपेत असताना किंवा सुट्टीच्या दिवशी हा घोळ निस्तरत नाही. मुलांच्या कार्डांवर खर्चाची मर्यादा घालायला किंवा खर्च पूर्ण बंद करायला सांगा. व्हिडिओ गेम आणि आईस्क्रीमची बिलं मुलांच्या कार्डावरून पालकांच्या खात्यात येतात.

चौथं काम सगळ्यात महत्त्वाचं. काही कंपन्या अंतिम बिल तुमच्या कार्डाच्या चलनात, म्हणजे रुपयांत, बदलून लावतात. काही ठिकाणी तुम्ही नको म्हणेपर्यंत हाच पर्याय चालू असतो. काउंटरवर सांगा: बिल जहाजाच्याच चलनात लावा. बंदरावरच्या दुकानातही कार्ड मशीन ‘रुपये की इथलं चलन’ विचारतं, तिथेही स्थानिक चलनच निवडा.

कारण आकड्यांत बघू. चौघांचं कुटुंब, एक केबिन, चार रात्री. टिप माणशी रोज १८ डॉलर धरली तर २८८ डॉलर. एका वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये दोघांचं जेवण ८० डॉलर. आठ डॉलरची बारा मॉकटेल-कॉफी म्हणजे ९६, त्यावर १८ टक्के सेवा शुल्क धरून ११३.२८. एकूण ४८१.२८. त्यातून १०० क्रेडिट वजा गेलं की कार्डावर ३८१.२८ डॉलर येतात. डॉलर ९० रुपये धरला तर ३४,३१५ रुपये. साध्या क्रेडिट कार्डाचा साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक लावते ते शुल्क) १,२०१ आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी २१६, म्हणजे ३५,७३२ रुपये.

तेच बिल जहाजाने ५ टक्के चढ्या दराने रुपयांत बदललं, तर ३६,०३१ होतात. इथेच थांबत नाही. परदेशी व्यापाऱ्याकडे रुपयांत झालेल्या व्यवहारावरही अनेक भारतीय बँका साधारण १ टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी लावतात. ते ४२५ धरले की ३६,४५६. शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर डॉलरमधलं बिल ३४,३१५ वरच थांबलं असतं. म्हणजे रुपयांचा पर्याय राहू दिला, तर त्या कार्डाचा सगळा फायदा गेला.

मधले दिवस: क्रेडिट कुठे खर्चायचं

खात्यावर खर्च पडला की आधी क्रेडिट संपतं, मग कार्डाची पाळी येते. दोन्ही प्रकारचं क्रेडिट असेल, तर आधी परत न मिळणारं वापरलं जातंय ना हे काउंटरवर विचारून घ्या.

टिपसाठी चालत असेल तर काळजीच नाही. वरच्या उदाहरणात १०० डॉलर टिपमध्येच जिरतात. काही शोधून विकत घेण्याची गरज नाही. म्हणूनच टिप घरून आगाऊ भरण्याआधी विचार करा. आगाऊ भरली तर क्रेडिट रिकामं राहतं आणि ते संपवण्यासाठी नको त्या वस्तू घ्याव्या लागतात. टिप पॅकेजमध्येच धरलेली असेल किंवा तिला क्रेडिट चालत नसेल, तर जहाजावरची सहल, वाय-फाय, स्पा, एखादं जेवण यांच्याकडे वळा. कॅसिनोसाठी ऑफरचं क्रेडिट सहसा चालत नाही. काही जहाजांवर खात्यातून कॅसिनोसाठी पैसे काढले तर ५ टक्के शुल्क पडतं.

पेयांचं पॅकेज किंवा वाय-फाय आधी घेतलं तर स्वस्त मिळतं, पण बऱ्याच कंपन्यांत क्रेडिट चढल्यावरच वापरता येतं. अशा वेळी आधीची सवलत आणि वाया जाणारं क्रेडिट यांचा हिशेब मांडा. ६० डॉलरचं वाय-फाय आगाऊ ४८ ला मिळत असेल आणि क्रेडिट दुसरीकडे सहज खर्च होणार असेल, तर आगाऊ घ्या. क्रेडिटला दुसरी वाटच नसेल, तर जहाजावर ६० चं घेणंच फायद्याचं, कारण ते तुमच्या खिशातून जात नाही.

वेळेचंही भान ठेवा. जहाज बंदरात उभं असताना जकातीच्या नियमांमुळे दुकानं आणि कॅसिनो बंद असतात. चार रात्रींत दोन दिवस बंदरात गेले, तर खरेदीला संध्याकाळच उरते.

हवामानामुळे एखादं बंदर रद्द झालं, तर त्या बंदराचे कर किंवा जहाजामार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे बहुधा खात्यात परत जमा होतात. हे तुमचेच पैसे आहेत. ते परत मिळणारं क्रेडिट म्हणून आलेत का ते तपासा. चुकून ऑफरच्या क्रेडिटसारखे नोंदले असतील, तर लगेच दुरुस्त करून घ्या.

जहाजावर चलन बदलून देणारं काउंटर आणि एटीएम असतं. दोन्हींचा दर आणि शुल्क बंदरापेक्षा वाईट. ती सोय अडल्यावेळची आहे.

शेवटची संध्याकाळ आणि घरी आल्यावर

शेवटच्या संध्याकाळी, रात्रीच्या जेवणाआधी, खात्याचा पूर्ण तपशील बघा. चुकीची नोंद बहुधा मिनीबार, फोटो आणि दुसऱ्या केबिनच्या बिलाची असते. उतरण्याच्या सकाळी काउंटरवर लांबच लांब रांग असते आणि उतरल्यावर ईमेलने भांडत बसावं लागतं. परत मिळणारं क्रेडिट उरलं असेल तर तेव्हाच रोख मागून घ्या. काही कंपन्या ते नंतर चेकने पाठवतात, आणि परदेशी चेक इथल्या शाखेत वटवण्याचं शुल्कच छोट्या रकमेला खाऊन टाकतं. परत न मिळणारे वीस-पंचवीस डॉलर उरले असतील, तर दुकान बंद होण्याआधी घरी उपयोगी पडेल असं काही घ्या.

सुटी नाणी कोणताच मनी चेंजर घेत नाही, ती शेवटच्या बंदरावरच संपवा. रिंगिट आणि बाट सिंगापुरातच बदलून घ्या. इथे त्यांना गिऱ्हाईक कमी आणि दर पडका. परतल्यावर माणशी २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या सहलीसाठी जवळ ठेवता येतात. त्यावरच्या परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा अधिकृत मनी चेंजरला विकाव्या लागतात. खरेदीची पावती सांभाळा, विकताना तीच दाखवायची असते.

पुढची दोन स्टेटमेंट जहाजाच्या अंतिम बिलाशी ताडून बघा. होल्ड सुटला का, रक्कम डॉलरमध्येच लागली का, दोनदा तर लागली नाही ना. फरक दिसला तर अंतिम बिलाची प्रत जोडून बँकेकडे लेखी तक्रार करा आणि कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार अ‍ॅपमधून पुन्हा बंद करा.